इलियासच्या नावच्या फाइली

५ नोव्हेंबर १९७८, रविवार

कॉलनीत खोली मिळाली. एकट्यापुरती आहे. खिडकीतून कारखान्याची चिमणी दिसते आणि मळीचा वास दिवसरात्र येतो. शेजारच्याला विचारलं तर म्हणाला, "कसला वास?"

कॉम्प्युटर विभाग म्हणजे शेतकी ऑफिसच्या मागची एक थंड खोली. काम एकच, पण मोठं. कुणाचा ऊस कोणत्या दिवशी तोडायचा तो क्रम रोज छापायचा आणि गावोगावच्या गट ऑफिसांना पाठवायचा. आधी हे कारकून करत, आणि संचालकांच्या पाहुण्यांचा ऊस आधी तुटे. आता मशीन करणार. एम.डी. साहेबांनी त्यासाठीच मला हैदराबादेहून, मशीन बनवणाऱ्या कंपनीतून, मागून घेतलं.

हाताखाली दोन ऑपरेटर. सकाळी इलियास नदाफ, आष्ट्याचा, पूर्वी मिलिटरीत सिग्नलमध्ये होता. संध्याकाळी जोतीराम, इथलाच. दुपारी दोनपासून जोतीराम येईपर्यंत मशीन माझं, प्रोग्रॅम तपासायला.

मी कुठला म्हणून विचारलं. माण तालुका म्हटल्यावर इलियास हसला. "म्हंजे मेंढरं सोडून मशीन राखायला आलाय म्हणा की." सगळे हसले. मीही हसलो. विसरणार नाही.

९ नोव्हेंबर, गुरुवार

मशीन पडलं. 'पडलं' हा इथलाच शब्द. चालता चालता गप्प होतं, दिवे गोठतात, छपाई अर्ध्या ओळीवर थांबते. मी धावत येईपर्यंत इलियासनं बटण दाबून पुन्हा सुरूही केलं होतं.

मी म्हटलं, "मला विचारल्याशिवाय हात का लावला?"

"मास्तर, भाईर गाड्यावाले थांबल्यात. तुमी येईस्तवर काय आरती करायची मशीनची?"

तो मला मास्तर म्हणतो. बाकीचे काटकरसाहेब म्हणतात.

१४ नोव्हेंबर

पुन्हा दोनदा पडलं. एकदा सकाळी, एकदा दुपारी मी बसलो असताना.

मशीन पडताना एक शहाणपणाची गोष्ट करतं. त्या क्षणी त्याच्या स्मृतीत जे काही असेल ते सगळं तसंच्या तसं डिस्कवर ओतून ठेवतं. त्याला डंप म्हणतात. तो वाचला तर कशानं पडलं ते कळतं. पण ह्या डंपच्या फाइलीचं नाव कंपनीनं एकच ठरवून दिलंय. दुसऱ्यांदा पडलं की नवा डंप त्याच नावानं जुन्यावर बसतो आणि जुना नाहीसा. सकाळचा डंप दुपारच्यानं खाल्ला. सकाळी इलियासनं काय केलं होतं त्याचा मागमूस राहिला नाही.

हे बदलता येतं. सिस्टिम पुन्हा बांधायची, नाव आणि जागा आपण ठरवायची. आजवर कुणी केलं नाही, कारण इथं कुणाला ते करता येत नाही.

२० नोव्हेंबर, सोमवार

केलं. काल रविवारी मशीन मोकळं होतं, दिवसभर बसून सिस्टिम नव्यानं बांधली.

फाइलीचं नाव सहा अक्षरांचं असतं आणि मागं तीन अक्षरांची शेपटी. पहिली तीन इंग्रजी अक्षरं ऑपरेटरच्या नावाची, जसं इलियासचं ILS. पुढचे तीन आकडे म्हणजे वर्षातला कितवा दिवस. शेपटीत त्या दिवशी कितव्यांदा पडलं तो आकडा. जागा दुसऱ्या डिस्कवर, आणि काहीही पुसायचं नाही. पाळी सुरू करताना ऑपरेटरनं आपली तीन अक्षरं टाइप करायची. नाही केली तर आधीचीच चालू राहतात.

सकाळी दोघांना समजावून सांगितलं. जोतीराम मान हलवत राहिला. इलियासनं विचारलं, "पडतंय मशीन, मग नाव माणसाचं कशापायी?"

"कुणाच्या हातून पडलं ते कळायला."

"हातून? आन् आपसूक पडलं तर?"

"आपसूक काही होत नसतं."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "तुमची तीन अक्षरं कंची?"

मी म्हटलं, मी ऑपरेटर नाही. ह्यात विचारण्यासारखं काय होतं?

२१ नोव्हेंबर

त्यानं आज नाव टाकलं. टाकताना एकेक कळ अशी दाबली की खोलीभर आवाज.

२ डिसेंबर

आठवड्यात चार डंप. सगळे इलियासच्या नावचे. जोतीरामचा एकही नाही.

खरं लिहायचं तर त्यातले तीन दुपारी पडले, मी बसलो असताना. त्यावर मी विचार केला. क्रमाची छपाई मागं चालू असते आणि मी पुढं माझा प्रोग्रॅम घालून तपासतो, म्हणजे नेहमीचंच काम. त्यानं मशीन पडायचं कारण नाही. सकाळच्या पाळीत तो काहीतरी करून ठेवतो आणि ते दुपारी उलटतं, हाच अर्थ निघतो. म्हणजे त्या फाइलींवर त्याचं नाव राहतं तेच बरोबर आहे. दुपारी नाव बदलायला नको ह्याबद्दल खात्री झाली.

डंप छापून बघितला. आकड्यांची जाडजूड थप्पी, एवढा कागद कुठं वाचत बसणार? नाव वाचलं तरी पुरे आहे.

कँटीनमध्ये तो आला की चार जण सरकून जागा देतात. मी गेलो की बाकावर पिशवी ठेवलेली असते.

११ डिसेंबर, सोमवार

एम.डी. साहेबांनी बोलावलं. क्रमाची यादी दोनदा उशिरा गेली, तोडणीच्या टोळ्या बसून राहिल्या, तोडलेला ऊस बांधावर वाळला. कारण काय म्हणाले. मी डंपच्या फाइलींच्या नावांची यादी छापून नेली होती. नावच बोलतं.

तिथं संचालक लालासाहेब बसले होते. त्यांचाही ऊस ह्यावेळी क्रमानंच तुटणार, म्हणून ते मशीनवर आधीपासून रागावलेले. यादी हातात घेऊन त्यांनी विचारलं, "हे आयलस का काय, कोन हाय?"

"इलियास नदाफ."

"आष्ट्याचा? त्यांच्यातला?" त्यांनी एम.डी. साहेबांकडं बघितलं. "मग बराबर हाय."

काय बरोबर, ते मला कळलं नाही. पण ते माझ्या बाजूनं बोलत होते. इथं आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी बोललं. एम.डी. साहेब म्हणाले, "लगेच काही ठरवू नका." लालासाहेबांनी यादी घडी करून खिशात घातली.

१९ डिसेंबर, मंगळवार

आज वाईट झालं. लिहून ठेवतो.

सकाळी गेलो तर माझीच यादी कँटीनच्या फळ्यावर टाचलेली. मी टाचली नव्हती. कुणीतरी लाल पेन्सिलीनं खाली लिहिलं होतं, 'ऊस वाळवणारे नदाफ'. पाच-पन्नास गाड्यावाले आणि शेतकरी फळ्यापुढं. त्यातल्या किती जणांना इंग्रजी अक्षरं वाचता येत होती देव जाणे, पण वाचून दाखवणारे होते.

कोंडीबा नावाचा एक म्हातारा बागायतदार इलियासच्या अंगावर धावला. "माझा दोन एकराचा फड बांधावर पडलाय रं! तुजं काय घोडं मारलंतं मी?"

इलियास म्हणाला, "आबा, मशीन पडतंय. मी पाडत न्हाई."

"मग कागूद काय खोटं बोलतोय व्हय?"

कुणीतरी मागून ओरडलं, "ह्यास्नी ठेवलंच कशाला?" आणखी एक जण आणखी काही बोलला, ते लिहीत नाही. इलियासचा चेहरा पांढरा पडला. तो गर्दीतून सरळ माझ्याकडं आला.

"मास्तर, सांगा ह्यास्नी. दुपारी मशीनवर कोन असतंय ते सांगा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "चौकशी चालू आहे."

ते चूक नव्हतं. एम.डी. साहेबांनी लगेच काही ठरवू नका म्हटलं होतं, म्हणजे चौकशी चालूच होती.

तो म्हणाला, "व्हय? बरं."  फळ्यावरचा कागद त्यानं काढला नाही. मला वाटलं होतं काढेल.

२० डिसेंबर

चौकशी होईपर्यंत इलियासला घरी बसवलं. त्याच्या जागी सकाळी जोतीराम, संध्याकाळी शेतकी विभागातला कोणीतरी. एकदाचं शांत वाटलं. फळ्यावरचा कागद अजून तिथंच आहे.

४ जानेवारी १९७९, गुरुवार

पंधरा दिवस मशीन एकदाही पडलं नाही. अर्थात ते दिवस मी दहिवडीला होतो, वडिलांचे डोळे आले होते म्हणून रजा काढून. परत आल्यावर एम.डी. साहेबांना म्हटलं, बघा, माणूस गेला, मशीन सुधारलं. ते सह्या करत राहिले.

दुपारी बसलो. चार वाजायच्या सुमाराला पडलं.

फाइल बघितली. नाव इलियासचं!

अंगावर काटा आला. माणूस आष्ट्यात घरी, आणि त्याच्या नावाची फाइल इथं मशीनमध्ये. म्हणजे त्यानं आत काहीतरी पेरून ठेवलंय. सिग्नलमधला माणूस, त्याला येत असणार. पाळी संपूनही याद्या बांधत बसलेल्या जोतीरामला म्हटलं, बघ. तो फाइलीकडं बघेना. म्हणाला, "साहेब, मला त्यातलं काय कळतंय?" आणि चहाला निघून गेला. भित्रा आहे.

९ जानेवारी

आणखी दोन. दोन्ही इलियासच्या नावच्या. कंपनीला तार केली.

१७ जानेवारी, बुधवार

हैदराबादेहून इंजिनिअर आली. बाई आहे, वसुमती हुक्केरी, मूळची बेळगावकडची. माझ्यापेक्षा लहान असेल. मी तिला नावांची यादी दाखवून सगळी हकिकत सांगितली. तिनं यादी बाजूला ठेवली.

"नावं राहू देत हो. डंप काढा की."

सगळे डंप छापून घेतले, टेबलावर रांगेनं पसरले आणि प्रत्येकातलं एकच पान उघडलं. पेन्सिलीनं खुणा करत गेली. मग मला बोलावलं. प्रत्येक डंपात त्याच जागी तोच एक आकडा बिघडलेला. सकाळचा असो, दुपारचा असो, डिसेंबरचा असो की परवाचा.

"स्मृतीचं वरचं बोर्ड खराब आहे. एकच काम चालू असलं की तिथपर्यंत जातच नाही मशीन. दोन कामं एकदम घातली की वरचं बोर्ड लागतं, की पडलंच. दोन कामं एकदम कोण घालतं?"

मी म्हटलं, अधूनमधून सगळेच.

तिनं डंपांच्या डोक्यावरच्या वेळा बघितल्या. "बहुतेक सगळे दुपारचे आहेत की हो. आणि हा माणूस सकाळचा ना? मग नाव त्याचं कसं?"

नाव टाकलं नाही तर आधीचं चालू राहतं, हे मी समजावून सांगितलं.

"बरं. पण हे जानेवारीतले? तुम्ही म्हणता तो घरी होता."

मी पेरून ठेवण्याबद्दल बोलणार तेवढ्यात दारात उभा असलेला जोतीराम म्हणाला, "बाई, ते नाव मी टाकत हुतो."

"का?"

"माजं नाव टाकलं आन् मशीन पडलं, तर फळ्यावर मी. इलियासभाईचं नाव तसंबी लागलंच हुतं." त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. "म्हटलं त्याच्यावरच जाऊ दे."

बाईनं पेन्सिल खाली ठेवली.  मला जोतीरामचा भयंकर संताप आला. मी एवढी चांगली व्यवस्था लावून दिली होती आणि ह्या माणसानं तिचा विचका केला.

१८ जानेवारी

नवं बोर्ड बसवलं. दोन कामं, तीन कामं एकदम घातली, मशीन पडेना. बाई दुपारच्या गाडीनं गेली. जाताना म्हणाली, "फाइली पुसू नका हं. कागद मी नेत नाही, फार ओझं होतंय. लागलं तर तुमच्याकडून मागवीन. आणि त्या माणसाला सांगा तेवढं."

त्या माणसाला सांगणं माझं काम नाही. ते एम.डी. साहेबांचं.

२४ जानेवारी, बुधवार

एम.डी. साहेबांनी आष्ट्याला निरोप पाठवला की कामावर या. इलियासनं उलट निरोप दिला, शनिवारी संचालकांची बैठक आहे तिथं येतो, माझ्या नावच्या सगळ्या फाइली काढून ठेवा आणि सगळ्यांसमोर वाचा.

साहेबांनी मला विचारलं, "आहेत ना फाइली?"

आहेत म्हटलं.

खोलीत येऊन विचार केला. वाचायचं म्हणजे काय? आकडे कुणाला कळणार? लोकांना वरचं नावच दिसणार, आणि नाव पुन्हा त्याचंच. सगळ्यांसमोर तेच नाव एवढ्या वेळा वाचलं गेलं तर त्यालाच बरं दिसणार नाही. शिवाय वेळा आहेत. वेळांवरून भलतेच प्रश्न निघतील आणि मूळ मुद्दा बोर्डाचा आहे तो बाजूला राहील. दुसरी डिस्कही भरत आली आहे, क्रमाच्या कामाला जागा लागते.

पुसल्या. सगळ्या. बाईनं पसरलेले कागदही बॉयलरकडं पाठवले. आता त्याच्या नावाची एकही फाइल मशीनमध्ये नाही. मी त्याचं नाव साफ केलं, हे त्याला कुणी सांगणार नाही. नाही तर नाही.

२७ जानेवारी, शनिवार

बैठक झाली.

इलियास इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. सोबत त्याची आई, अख्तरबी. तिला आत येऊ देईनात. ती दारातच उभी राहिली, शेवटपर्यंत.

एम.डी. साहेबांनी सांगितलं, दोष मशीनचा होता, कंपनीनं मान्य केलंय, नदाफांचा काही संबंध नाही. लालासाहेब लगेच म्हणाले, "झालं तर मग. झालं गेलं गंगेला मिळालं. उद्यापासनं या कामावर, चहा मागवा रं."

इलियास बसला नाही. "सायब, कँटीनच्या फळ्यावर माजं नाव वाचलं गेलं. लोकांनी आईला बाजारात तोंडावर विचारलं. आता ह्या फाइली हितं वाचा. कवा पडलं, किती वाजता, तवा मशीनवर कोन हुतं. मी घरात असताना माज्या नावाची फाइल निघाली, तीबी वाचा. मग मी चहा घेतो."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं.

मी सांगितलं, डिस्कवर जागा नव्हती. पुसाव्या लागल्या. आणि त्याच्या दृष्टीनंही ते चांगलंच झालं, नावाला डाग राहिला नाही.

इलियास इतका वेळ साहेबांशी बोलत होता. आता माझ्याकडं वळला. आवाज चढवला नाही.

"पुसा म्हटलं नव्हतं मास्तर. वाचा म्हटलं हुतं."

जोतीराम कोपऱ्यात क्रमाच्या याद्या धरून उभा होता. त्यानं मान खाली घातली. लालासाहेब खिडकीतून बाहेर बघायला लागले. साहेबांनी विचारलं, "काटकर, त्या वेळी दुपारी मशीनवर तुम्ही असायचा का?"

मी म्हटलं, नोंद आता उपलब्ध नाही.

इलियास हसला. नुसते ओठ हलले, डोळे नाहीत. "सायब, नोकरी ऱ्हाऊ द्या. फळ्यावरचा कागूद तर अजून हाय. तेवढा मात्र काढू नका. ह्या कारखान्यात माज्या नावाचं तेवढंच काय ते ऱ्हायलंय."

तो गेला. अख्तरबी दारातून माझ्याकडं बघत होती. शिव्या देईल असं वाटलं. नुसती म्हणाली, "तुला आई हाय का रं बाबा?" आणि उत्तराची वाट न बघता त्याच्या मागून गेली.

हा काय प्रश्न झाला?

३१ जानेवारी

फळ्यावरचा कागद कुणीतरी काढला. कोण, माहीत नाही. जोतीरामनं शेतकी विभागात बदली मागून घेतली.

हुक्केरीबाईचं पत्र आलं. कंपनीत बोर्डाची चौकशी चालू आहे, डंप टेपवर उतरवून पाठवा. पुसले म्हणून कळवलं. 

१८ फेब्रुवारी, रविवार

वडिलांना उद्या साताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं, ते दहिवडीहून परस्पर येणार, म्हणून सकाळच्या एस.टी.नं निघालो. गाडी आष्ट्याला थांबली, ड्रायव्हर चहाला उतरला. स्टँडसमोर सायकलचं दुकान. 'महंमद सायकल मार्ट', म्हणजे इलियासच्या थोरल्या भावाचं. इलियास बाहेर दगडावर बसून चाक फिरवून त्याचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढत होता. एक डोळा मिटून रिम बघायची, छोट्या पान्यानं एक स्पोक आवळायचा, पुन्हा फिरवायचं.

मी उतरलो. का उतरलो ते अजून सांगता येत नाही. गाडीत उकडत होतं हे खरं आहे.

जवळ गेलो. त्यानं बघितलं आणि पुन्हा चाकाकडं वळला. आत दुकानात महंमद उठून उभा राहिला, हातात पाना. इलियासनं त्याला मागं न बघता हातानंच थांबवलं.

"काय पंक्चर हाय?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "नाही. तेच सांगायला आलो. चूक झाली."

त्यानं चाक थांबवलं.

"कुनाची?"

मी म्हटलं, "त्या वेळी परिस्थितीच तशी…"

"परिस्थितीची न्हाई. फाइलीला नाव लागतंय म्हणाला हुता ना तुमी? आपसूक काय होत नसतंय. मग कुनाची चूक, नाव घिऊन सांगा."

रस्त्यावर बाजाराची गर्दी होती. पलीकडं पानपट्टीवर दोघेतिघे बोलायचे थांबून ऐकायला लागले. तो पाना मांडीवर ठेवून माझ्या तोंडाकडं बघत होता. मला वाटतं तो खरोखर वाट बघत होता. मी तोंड उघडलं. कंडक्टरनं घंटा मारली.

"गाडी," मी म्हटलं.

"जावा," तो म्हणाला. "गाडी चुकंल."

मी पळत जाऊन चढलो. माझी जागा एका बाईनं घेतली होती. साताऱ्यापर्यंत उभा राहिलो.